पिठाची माशी

सकाळी आठ वाजता खतढिगात मनगटापर्यंत हात घालायचा, हा सारिका लोखंडेचा रोजचा नेम होता. ढिगात खोचलेली तापमापी आकडा दाखवायची, पण स्वतःच्या हाताला ऊब लागल्याशिवाय तिला ढीग नीट चाललाय असं वाटत नसे. मग ती मूठभर खत काढून ओळखपेटीच्या पांढऱ्या ताटलीत पसरायची आणि झाकण लावायची.

ओळखपेटी शिवणयंत्राच्या झाकणाएवढी होती. आत कॅमेरे, बाहेर एक छोटा पडदा. ताटलीतल्या प्रत्येक किड्याभोवती ती एक चौकट आखायची आणि अकरा सेकंदांत नावं सांगायची. गांडूळ, वाणी, गोम, सैनिकमाशीची अळी. सगळं ओळखीचं निघालं की हिरवा दिवा लागायचा आणि देवकुळे नगरपरिषदेच्या खतकेंद्राचा दिवस सुरू व्हायचा. तीन वर्षांपूर्वी एका बंदराच्या शहरात उंदरांवरच्या पिसवांमुळे तापाची साथ आली होती. तिला लोक पिसूताप म्हणू लागले. तेव्हापासून राज्यातल्या प्रत्येक खतकेंद्रात अशी पेटी बसवलेली होती.

त्या सोमवारी दिवा लाल लागला.

पडद्यावर शब्द उमटले, ‘पिसू. खात्री ७८ टक्के.’ सारिकानं झाकण उघडायच्या आतच तिच्या फोनवर आदेश येऊन पडला. ढिगाला हात लावायचा नाही. उद्या सकाळी अकरा वाजता वाफगाडी येऊन सगळा ढीग उकळत्या वाफेनं मारेल. केंद्रातल्या आठही कामगार बायकांच्या घरी फवारणी होईल, अंथरुणं-पांघरुणं जाळली जातील, आणि त्यानंतर एकवीस दिवस त्यांनी कुणात मिसळायचं नाही.

तिनं ताटलीवर वाकून पाहिलं. मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढे तपकिरी जीव होते. पंख नव्हते. चुरुचुरु धावायचे, मध्येच थबकायचे, पुन्हा धावायचे. सारिकाचं लहानपण शेळ्यांच्या गोठ्याला लागून असलेल्या खोलीत गेलं होतं, त्यामुळे पिसू तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. पिसूवर बोट ठेवायला जावं तर ती टुणकन उडी मारून दिसेनाशी होते. तिनं एकीवर बोट टेकवलं. ती उडाली नाही. बोटाला वळसा घालून पळाली.

“मालन, ही पिसू नव्हे,” ती शेजारी उभ्या असलेल्या बाईला म्हणाली.

मालन साठीला आलेली, केंद्रातली सगळ्यात जुनी कामगार. ती हातातल्या फोनकडे बघत होती. “माझ्या सुनेला कळलंय,” ती म्हणाली. “म्हणते, आज घरी नका येऊ, पोरं लहान आहेत.”

बातमी नऊ वाजेपर्यंत गावभर झाली. कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं दोघींचे कप हातात न देता कट्ट्याच्या टोकाला ठेवले आणि मागे सरकला. कचऱ्याचं काम करणाऱ्या बाईला लोकांनी चार हात दूर ठेवणं नवं नव्हतं, पण आता त्याला सरकारी कागदाचा आधार मिळाला होता.

तो कागद सारिकानं पुन्हा उघडला आणि शेवटपर्यंत वाचला. तळाशी बारीक अक्षरांत एक कलम होतं. नोंदणीकृत ओळखकारानं नमुना प्रत्यक्ष पाहून वेगळा अभिप्राय दिला, तर कारवाईला नऊ दिवसांची स्थगिती मिळेल. तोवर नमुन्याची जनुकतपासणी व्हावी. ओळखकार म्हणजे किडे डोळ्यांनी पाहून ओळखणारा माणूस. तिनं यादीवर बोट दाबलं. पेट्या आल्यापासून ही यादी आटत चालली होती. आता तीन नावं उरली होती. एकापुढे ‘दिवंगत’ लिहिलेलं. दुसरे नागपूरला. तिसरं नाव डॉ. इक्बाल मुजावर, देवकुळे.

ते घर तिला चांगलं माहीत होतं. गेली नऊ वर्षं त्या घरची ओल्या कचऱ्याची बादली तीच उचलत होती.

तिनं एका काचेच्या बरणीत मूठभर खत घेतलं, तोंडाला मलमलीचं फडकं बांधलं आणि निघाली.

दार मुजावर सरांच्या बायकोनं, जरीनाचाचींनी उघडलं. सारिका पायरीवरच थांबली. “चाची, मी बाहेरूनच बोलते. पिसवा आहेत म्हणतायत.”

“असू देत. यांनी चाळीस वर्षं माझ्या फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी माश्या ठेवल्या. पिसवा तेवढ्या राहिल्या होत्या. आत ये.”

मुजावर सर एकोणऐंशी वर्षांचे होते. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवता शिकवता त्यांनी आयुष्यभर एकाच कुळातल्या माश्यांचा अभ्यास केला होता. त्या माश्यांची पाठ वर आलेली असते, म्हणून ते त्यांना कुबड्या माश्या म्हणायचे. त्यांनी सारिकाचं सगळं ऐकून घेतलं. तिच्या हातातली बरणी चाचपली. मग म्हणाले, “तू चुकीच्या माणसाकडे आलीस गं. माझ्या दोन्ही डोळ्यांचा मधला भाग गेलाय. कडेचं दिसतं. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसलं जातं.”

“पण यादीत तुमचं नाव आहे.”

“नाव काढायला कुणी आलं नाही.”

चाचींनी टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकावरचं कापड काढलं आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली. “हिचे डोळे आहेत ना,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “वीस वर्षं कचऱ्यातून काचेचे तुकडे वेचणारे डोळे आहेत. तुम्ही विचारा, ती सांगेल.”

सरांनी तिला फिरकी कशी फिरवायची ते शिकवलं. काचपट्टीवर एक किडा ठेवून, तो पळू नये म्हणून वर थेंबभर पाणी टाकायला सांगितलं. धूसर डागाचं हळूहळू एक अंग झालं आणि सारिका एकदम मागे सरली. मग पुन्हा डोळा लावला.

“अंग कसं आहे?” सरांनी विचारलं. “पिसू दोन्ही कुशींनी दाबल्यासारखी असते. पुस्तकांच्या मध्ये उभं पुस्तक असतं, तशी.”

“तशी नाही. वरून रुंद आहे. पोट फुगीर, त्यावर गडद पट्ट्या. मधे मधे फिकट कातडी.”

“डोक्याला मिशा दिसतात?”

“दोन आहेत. मिशा म्हणजे, गोल मणी आहेत. एकेका मण्यातून एकेक लांब केस निघालाय.”

सर खुर्चीत पुढे सरकले. “पिसूच्या मिशा डोक्यातल्या खाचेत दडलेल्या असतात. मण्यातून केस हे माशीचं लक्षण. पाठ कशी आहे?”

सारिकाला सांगता येईना. वर आलेली आहे म्हणावं तर किती? डोक्यापासून कशी उतरते? तिनं दोनदा प्रयत्न केला, सर दोनदा “म्हणजे कशी?” म्हणाले. आत चाचींची कणीक मळून झाली होती. सारिका उठली, परातीतला लिंबाएवढा गोळा घेऊन आली आणि एक डोळा काचेला लावून दोन्ही हातांनी घडवू लागली. डोकं, खाली झुकलेलं. त्यामागे चढ. मग पोटाचा फुगवटा. मागच्या पायांच्या मांड्या जाड आणि चपट्या होत्या, त्या तिनं चिमटीनं दाबून काढल्या. मिशांसाठी मोहरीचे दोन दाणे खोचले. तळहातात मावेल एवढी पिठाची माशी तिनं सरांच्या हातावर ठेवली.

सरांची बोटं डोक्यावरून पाठीवर गेली, तिथं थांबली, पुन्हा मागे आली.

“कुबडी माशी,” शेवटी ते म्हणाले. “पंखाविना जन्मलेली मादी. काही जातींत मादीला पंख येतच नाहीत. अशा मांड्या आणि असं बसकं अंग बघून पेटी फसली असणार. तिनं अशी मादी कधी पाहिलीच नसेल. पेट्यांना शिकवायला जे नमुने वापरले, ते सापळ्यात पडलेले. सापळ्यात पडायला उडावं लागतं.” त्यांनी बरणी पुढे सरकवली. “बरणीत बारीक पंखवाल्या माश्याही आहेत का?”

“आहेत दोन-चार.”

“त्यातली एक धर. मागची मांडी बघ. आतल्या बाजूला.”

तिला वेळ लागला. पहिली माशी निसटली. दुसरी काचेखाली आली. “काळे केस आहेत सर. एका ओळीत, आखूड. कंगव्यासारखे.”

सरांनी चाचींच्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली. “जरीना, ऐकलंस का? तुझी माशी आहे.”

तीस वर्षांपूर्वी याच गावात, पिवळ्या ताटलीच्या सापळ्यात सरांना अकरा कुबड्या माश्या मिळाल्या होत्या. मांडीवर असा कंगवा असलेली जात तोवर कुणी नोंदवलेली नव्हती. शोधणाऱ्याला नाव देण्याचा मान असतो. सरांनी बायकोचं नाव दिलं होतं. अकराच्या अकरा नर होते. मादीसाठी त्यांनी पुढे कितीतरी वर्षं सापळे लावले, पण एकही सापडली नव्हती.

“लोक बायकोला साडी घेतात,” चाची सारिकाला म्हणाल्या. “मला माशी मिळाली. ती पण पुरुष.” पण त्या सरांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांचा हात सरांच्या खांद्यावर होता.

सारिकानं फोनवर अभिप्रायाचा फॉर्म उघडला. “सर, इथं अंगठा लावा.”

“काय लिहिलंय त्यात?”

“मी नमुना प्रत्यक्ष पाहिला.”

सरांनी हात मागे घेतला. “मी पाहिलेला नाही.”

“पण तुम्हाला खात्री आहे ना?”

“आहे.”

“मग?”

“खात्री पेटीलाही होती, सारिका.”

तिला राग आला. मालन रात्री कुठं झोपणार, हे सरांना ठाऊक नव्हतं. तिनं ते सांगितलं, जरा चढ्या आवाजातच. सरांनी मान खाली घालून ऐकलं. मग चाचींना कागद घ्यायला सांगितला आणि मजकूर सांगितला: हा जीव सारिका लोखंडे यांनी पाहिला, मी ऐकला आणि पिठात चाचपला, माझ्या मते ही पिसू नसून माशी आहे, कारणं पुढे दिली आहेत. खाली सही केली.

“हे चालायचं नाही, मला कळतं,” ते म्हणाले. “पण आणखी एक गोष्ट आहे, ती बघायला ओळखकार लागत नाही. मादीला पंख नाहीत. मग एका ढिगातलं अन्न संपलं की ती दुसरीकडे जाते कशी?”

“चालत?” सारिकानं विचारलं.

“ती उंचवट्यावर बसून पोट वर उचलते आणि वास सोडते. त्या वासावर नर येतो, तिच्याशी जुळतो आणि तिला तशीच उचलून उडतो. नव्या जागी नेऊन सोडतो. या माश्यांच्या बहिणी लागतील अशा जातींत हे पाहिलं गेलंय. आपल्या हिच्याबद्दल मी फक्त अंदाज करतोय. बरणीत पिकलेल्या केळ्याची फोड टाक, सकाळच्या उन्हात ठेव, आणि बघत राहा.”

“नरांना एवढं सुचतं बघ,” चाची म्हणाल्या. “मला स्टँडवर सोडा म्हटलं की यांचा तास असायचा.”

मंगळवारी साडेदहालाच वाफगाडी फाटकातून आत आली. बरोबर आरोग्य अधिकारी श्रावणी देशमाने होती, वय जेमतेम तिशीचं, अंगात पांढरा पोशाख, तोंडावर मुखपट्टी. आठही बायका भिंतीशी उभ्या होत्या. मालन रात्री सारिकाकडे झोपली होती. सर आणि चाची रिक्षातून उतरले.

श्रावणीनं पत्र उभ्यानं वाचलं, मग पुन्हा एकदा वाचलं. “सर, तुम्ही पाहिलं नाही असं तुम्हीच लिहिलंय.”

“हो.”

“मग मला हे धरता येत नाही.”

“माहीत आहे. सोयीचं लिहिता आलं असतं, पण ते खरं नसतं.”

गाडीवरच्या माणसानं नळ्या ढिगाकडे ओढायला सुरुवात केली होती. सारिका पुढे आली. “मॅडम, मग तुम्ही बघा.”

“मी ओळखकार नाही, ताई. माझ्याकडे पेटीचा अहवाल येतो. त्यावरून मी कारवाई करते.”

“ओळखू नका. नुसतं बघा. अकराला अजून वेळ आहे.”

सकाळपासून उन्हात ठेवलेली बरणी सारिकानं ओळखपेटीच्या ताटलीवर उभी केली. झाकण लावता येत नव्हतं, तरी कॅमेरा चालू झाला. पडद्यावर चौकटी उमटल्या. बिनपंखी जिवांभोवती ‘पिसू’, पंखवाल्यांभोवती ‘माशी’. केळ्याच्या फोडीवर तीन माद्या चढून बसल्या होत्या. श्रावणीनं मुखपट्टी वर केली आणि काचेला नाक लागेल इतकी वाकली.

दहा मिनिटं काही झालं नाही. वाफगाडीची टाकी तापून घरघरू लागली. सर रिक्षाच्या कडेला धरून उभे होते. चाची पेटीच्या पडद्याकडे बघत त्यांना हळू आवाजात सांगत होत्या, “अजून नाही. अजून नाही. एकीनं पोट वर केलंय.”

एक नर फोडीवर उतरला. मादीभोवती फिरला, तिच्या पाठीशी गेला आणि थोडा वेळ दोघं हललीच नाहीत. मग तो उडाला आणि ती त्याच्याबरोबर उचलली गेली. बरणीभर दोन घिरट्या घालून तो जड जड उतरला, फोडीच्या दुसऱ्या टोकाला. तिथं ती सुटी झाली आणि चुरुचुरु धावत सुटली.

पेटीनं सगळं टिपलं होतं. पडद्यावर दोन चौकटी एकमेकींना चिकटून बरणीभर फिरल्या होत्या आणि खाली नोंद पडली होती, ‘माशी: उडत आहे. पिसू: उडत आहे.’

श्रावणीनं ती ओळ मोठ्यानं वाचली. मालनला पहिल्यांदा हसू फुटलं. “पिसू उडती व्हय!” आणि भिंतीशी उभ्या असलेल्या सगळ्याच हसू लागल्या. पेटीला मात्र यात काही वावगं वाटलं नव्हतं. ती शांतपणे पुढची चौकट आखत होती.

श्रावणी हसली नाही. ती पुन्हा बरणीकडे वाकली आणि आणखी एक जोडी उडेपर्यंत तशीच राहिली. मग तिनं गाडीवाल्याला टाकी बंद करायला सांगितलं. स्थगितीच्या कागदावर ओळखकाराच्या सहीची जागा तिनं कोरी सोडली आणि खाली लिहिलं, ‘मी प्रत्यक्ष पाहिले. जबाबदारी माझी.’

सरांनी चाचींना विचारलं, “कशी दिसते गं ती?”

चाचींनी बरणीत पाहिलं. “सावळी आहे. ठेंगणी. सारखी कामात.” मग म्हणाल्या, “नाव बरोबर ठेवलंत.”

जनुकतपासणीचा निकाल नवव्या दिवशी आला. माशीच होती. सरांच्या लाकडी डब्यातल्या, तीस वर्षं वाळलेल्या नराच्या एका पायाशी तिची जनुकं जुळली. अंथरुणं जाळली गेली नाहीत. लोकांच्या मनातली भीती जायला मात्र नऊ दिवस पुरले नाहीत. मालनच्या सुनेनं तिला घरी नेलं तेव्हा महिना उलटून गेला होता, आणि मालन लगेच गेलीही नाही. नव्या मादीचं वर्णन शास्त्रीय मासिकात छापून आलं. त्यावर दोन नावं होती. सारिकानं आपलं नाव तीनदा वाचलं आणि तो अंक प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला.

श्रावणी पावसाळ्यानंतर पुन्हा आली, या वेळी गाडीशिवाय. सारिका सरांच्या घरी टेबलाशी बसली होती. आठवड्यातून दोन दुपारी ती तिथं असायची. ती पाहायची, सर विचारायचे आणि चाची लिहायच्या.

“मी जुन्या नोंदी काढल्या,” श्रावणी म्हणाली. “तीन वर्षांत पिसू म्हणून सेहेचाळीस ढीग मारलेत. काही गावांत बायकांची घरंही मोकळी केली.”

“त्यात पिसवा किती होत्या?” सारिकानं विचारलं.

“सांगता येत नाही. पेटीनं फोटो ठेवलेले नाहीत. फक्त उत्तरं ठेवली आहेत.”

सरांनी टेबलाची कड बोटांनी चाचपली.

श्रावणीनं पिशवीतून एक पत्र काढलं. “हे वरून आलंय. तुम्ही मासिकासाठी काढलेल्या फोटोंवरून सगळ्या पेट्यांना नवं शिक्षण दिलं. आता राज्यात कुठंही ही माशी दिसली तर पेटी तिला बरोबर ओळखते, खात्री नव्याण्णव टक्के. म्हणून त्यांनी विचारलंय, की आता ओळखकारांची यादी बंद करावी का. हो किंवा नाही. खाली अभिप्रायाला जागा आहे.” ती थोडी अवघडली. “सरांचं नाव यादीत आहे. तुमचं घालावं असा माझा विचार होता.”

सारिकानं सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला. काचपट्टी पुसली, जागच्या जागी ठेवली.

“मॅडम, पेटीला ही माशी कळली, ती आम्ही सांगितल्यावर,” ती म्हणाली. “पुढच्या वेळी तिला सांगणारं कोण असेल?”

श्रावणीनं पेन काढलं. ‘हो’ आणि ‘नाही’च्या दोन्ही चौकोनांना हात न लावता तिनं खाली अभिप्रायाच्या जागी सारिकाचा प्रश्न होता तसा उतरवून घेतला.